समुद्र वेटिंगवर, कॉर्न डॉग कन्फर्म!

गोव्याच्या बीचवर कोरियन कॉर्न डॉग खातानाचे रील्स बघून जीव जळतोय? रजा मिळत नाही, ग्रुप जमत नाही आणि प्लॅन दर वेळी पुढे ढकलला जातोय? मग समुद्रावरची ही काडी थेट भवानी पेठेच्या गच्चीवर कशी आणायची, ते वाचाच. सोबत रेसिपीही आहे!

पंधरा सेकंदांचं रील. मागे समुद्र, मावळतीचा सूर्य, वाळूत रुतलेले पाय. पुढे एक हात, हातात काडी, काडीवर सोनेरी, जाडजूड, साखरेत घोळलेलं काहीतरी. एक घास घेतला जातो... आणि चीजची तार लांबत जाते, लांबत जाते, तुटायचं नावच घेत नाही! रील संपतं, परत सुरू होतं. आणि आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये गार झालेला उपमा चमच्याने ढवळत असतो.

हे रील पुढच्या मिनिटाला शाळेच्या ग्रुपवर जातंच. सोलापूरच्या भवानी पेठेत एकत्र वाढलेल्या पोरापोरींचा कुठलाही ग्रुप घ्या. एक जण हिंजवडीत, एक हैदराबादला, एक बंगळुरूला. आणि दोघं-तिघं इथेच, कुणी घरच्या दुकानात, कुणी बँकेत, कुणी यंत्रमागाच्या कारखान्यात. 'जायचं का बे गोव्याला?' असा मेसेज पडतो. धडाधड अंगठे वर होतात. मग तारखांचा विषय निघतो आणि ग्रुप एकदम शांत!

गोव्याच्या या वेडाचं खापर फोडायचं तर ते 'दिल चाहता है'वर फोडा. २००१ साली तो पिक्चर आला तेव्हा आपल्यापैकी बरेच जण बालवाडीत होते. तरी तीन दोस्त, एक गाडी आणि समोर समुद्र हे चित्र आपल्या डोक्यात कुणी बसवलं ते सांगायला नको. प्रॉब्लेम एवढाच, की त्या तिघांना रजेचा अर्ज टाकावा लागत नव्हता!

आपलं गणित वेगळं असतं. हिंजवडीवाल्याला शुक्रवार जोडून मिळतो, पण महिनाअखेरीला रिलीज असतं. हैदराबादवालीची शिफ्ट बदललेली असते. दुकानवाल्याचा नेमका तेव्हाच सीझन असतो. आणि मागावर काम करणाऱ्याचा हिशेब तर सगळ्यात सरळ... जेवढं विणलं तेवढे पैसे. तो गोव्याला गेला तर भाडं जातंच, शिवाय चार दिवसांची मजुरीही जाते. हे तो ग्रुपवर लिहीत नाही. 'बघू की' एवढंच लिहितो.

प्लॅन का फिसकटतो याचं खरं कारण बऱ्याचदा या 'बघू की'मध्ये लपलेलं असतं. पण ते नंतर बघू. आधी त्या काडीची ओळख करून घेऊ.

नाव कॉर्न, गाव कोरिया

कॉर्न डॉगचं मूळ अमेरिकेत. सॉसेज काडीवर खोचायचं, मक्याच्या पिठाच्या दाट मिश्रणात बुडवायचं आणि तळायचं. पदार्थ काडीवर लावून पिठात बुडवून तळण्याच्या यंत्रासाठी बफेलो शहरातल्या एका माणसाने १९२७ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९२९ मध्ये त्याला ते मिळालं. टेक्सासच्या जत्रेत १९४० च्या दशकात हा पदार्थ गाजला. 'पहिला कॉर्न डॉग आमचाच' म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत. आपल्याकडे बाकरवडी आणि मिसळीवरून जसे वाद होतात, तसेच!

यातला एक किस्सा मात्र आपल्या कामाचा आहे. ओरेगॉन राज्यात रॉकअवे बीच नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे १९३० च्या दशकाच्या शेवटी बॉइंग्टन नावाचं जोडपं हॉट डॉग विकायचं. ऐन सुट्टीच्या गर्दीत पाऊस आला आणि पाव भिजून गेले. आता सॉसेज कशात द्यायचं? त्यावरून त्यांना कल्पना सुचली, की पाव आधी भाजून ठेवण्यापेक्षा पीठच सॉसेजभोवती गुंडाळावं आणि गिऱ्हाईक आलं की तळून द्यावं. 'प्रॉन्टो पप' या नावाने तो पदार्थ आजही प्रसिद्ध आहे. म्हणजे बीच आणि कॉर्न डॉग ही जोडी रील्सवाल्यांनी लावलेली नाही. ती जुनीच आहे.

कोरियात गेल्यावर या पदार्थाने कपडेच बदलले. तिथे त्याला सरळ 'हॉट डॉग' म्हणतात. पावातला हॉट डॉग मागायला जाल आणि हातात काडी येईल! मक्याचं पीठ जवळजवळ गायब. त्याऐवजी गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ, बऱ्याच ठिकाणी यीस्ट घालून फुगवलेलं. आत नुसतं सॉसेज, नुसतं मोझरेला चीज किंवा अर्धं-अर्धं. बाहेर ब्रेडचा जाड चुरा, बटाट्याचे चौकोनी तुकडे नाहीतर कोरड्या नूडल्सचा चुरा. आणि तळून झाल्यावर चक्क साखरेत घोळवायचं! वर केचप आणि मोहरीचा सॉस. गोड, खारट, आंबट, कुरकुरीत आणि आतून चिवट-लुसलुशीत, सगळं एका घासात. थोडक्यात, कॉर्न डॉगमध्ये कॉर्नही नाही आणि डॉग तर नाहीच नाही.

आज आपण रील्समध्ये बघतो ती लाट साधारण २०१६ नंतरची. त्या वर्षी बुसान शहरात 'म्यंगनांग हॉटडॉग' नावाची साखळी सुरू झाली, स्वस्तात ताजा तळून द्यायला लागली आणि बघता बघता देशभर पसरली. बुसान म्हटल्यावर आपल्याला 'ट्रेन टू बुसान'मधले झॉम्बी आठवतात. तोही पिक्चर २०१६ चाच. पण कोरियन माणसाला बुसान म्हटलं की समुद्र आठवतो. हेउंदे आणि ग्वांगाल्ली हे दोन किनारे म्हणजे त्यांचं जुहू आणि गिरगाव. उन्हाळ्यात तिथे ही गर्दी!

आपल्याकडे हे वेड शिरलं ते २०२० च्या लॉकडाउनमध्ये. सगळे घरात कोंडलेले आणि टीव्हीवर के-ड्रामा. त्याच वर्षीच्या 'स्टार्ट-अप' मालिकेतली आजी कॉर्न डॉगचीच गाडी चालवते, आठवतंय ना? कोरियन लाट एवढी मोठी, की सप्टेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीने एका दमात २६ कोरियन शब्द आत घेतले. मग काय, पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये कॉर्न डॉग आला आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या हातातही.

किनाऱ्यावर खायचा तर असा खा

समजा, तुमचा प्लॅन जमलाच. (अभिनंदन! तुमचा ग्रुप दुर्मिळ आहे.) मग बीचवर कॉर्न डॉग खाण्याचेही काही फंडे आहेत.

पहिला, तयार करून ठेवलेला घेऊ नका. तळणीतून निघालेला मागा, पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल. आतून वाफ येत असते, बाहेर समुद्राची दमट हवा असते आणि मधल्या मध्ये कव्हर बिचारं मऊ पडतं. किनाऱ्यावर हे फार पटकन होतं. सेल्फीसाठी तीनदा पोझ दिलीत तर कुरकुरीतपणा गेलाच म्हणून समजा.

दुसरा, चीजची तार ही गरम असेपर्यंतच. मोझरेला गार झालं की तुटतं, ताणलं जात नाही. पण एकदम मोठा घासही नको. वितळलेलं चीज टाळूला चिकटलं की काय होतं ते भोगलेल्यालाच कळतं. मिनिटभर थांबा, छोटा घास घ्या, मग खुशाल ताणा.

तिसरा, आत काय आहे ते आधी विचारा. कोरियात सॉसेजमध्ये बहुधा डुकराचं मांस असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चिकन वापरतात, पण गृहीत धरू नका. व्हेज मंडळींसाठी नुसतं चीज किंवा पनीर मिळू शकतं. मात्र तळणीचं तेल वेगळं आहे का, हेही विचारायला लाजू नका.

चौथा, खाऊन झालं की काडी वाळूत खोचू नका. तिला टोक असतं आणि मागून येणारा अनवाणी असतो!

आता जरा विचार करा. या सगळ्यात मजा नेमकी कशाची आहे? चवीची आहेच. पण उभ्याने, हाताने, तोंड बरबटवून, उद्याच्या डेडलाइनचा विचार न करता खाण्याची जास्त आहे. प्लेट नाही, काटा-चमचा नाही, टेबल रिकामं करा म्हणणारा वेटर नाही. शेजारी आपलीच माणसं. समुद्र याची परवानगी देतो. आणि ही परवानगी समुद्राशिवायही मिळते, हे महाराष्ट्राला फार आधीच कळलंय.

समुद्राशिवायची चौपाटी

'चौपाटी' हा शब्द मुंबईच्या गिरगावचा. चार पाट येऊन मिळायचे म्हणून चौपाटी, अशी त्याची फोड सांगतात. पण हा शब्द समुद्र मागे सोडून कधीच घाट चढून वर आला. कोल्हापूरला रंकाळा चौपाटी, नागपूरला फुटाळा चौपाटी. तिथे निदान तलावाचं पाणी तरी आहे. आमच्या सोलापूरकरांनी तेवढीही अट ठेवली नाही. पार्क चौपाटी म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लाटा नाहीत, वाळू नाही, पण संध्याकाळ आहे, गाड्या आहेत, तव्यावरचा खणखणाट आहे. बास की!

कारण इथून समुद्र खरंच लांब. रत्नागिरी रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, गोवा चारशेच्या वर. विमानाची तर कित्येक वर्षं नुसती चर्चाच होती. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, त्यावर वादही झाला. आणि अखेर जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमान उडालं. रात्रभराचा रस्ता तासाभरावर आला! ग्रुपवर त्या दिवशी किती अंगठे वर गेले असतील, विचार करा.

पण विमान आलं म्हणून रजा येत नाही. पहिलं तिकीट कुणाला परवडतं आणि 'बघू की' कोण लिहितो, हे गणित विमानाने सुटत नाही. उलट आणखी टोचतं. एकाच बाकावर बसलेल्यांपैकी निम्मे बीचवरून रील टाकतात आणि निम्मे ते बघून 'मस्त रे' लिहितात. भांडण कुणाचंच नसतं. फक्त दर वर्षी ग्रुपवरचे मेसेज थोडे कमी होत जातात.

म्हणून म्हणतो, समुद्र राहू दे वेटिंगवर. कॉर्न डॉग कन्फर्म करा. गच्चीवर!

भवानी पेठेचं ॲडव्हान्टेज

आता खरी मेख ऐका. हा बीचवरचा पदार्थ सोलापुरात जास्त चांगला जमू शकतो. कसा म्हणता?

एक म्हणजे हवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठणठणीत. एरवी आपण तिच्या नावाने बोटं मोडतो. पण तळलेल्या पदार्थाला बाहेरून सादळवणारा दमटपणाच इथे नाही. गोव्यात जे कव्हर बघता बघता मऊ पडतं, ते इथे मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी दोन गप्पा जास्त टिकतं.

दोन म्हणजे हात. भवानी पेठ आणि आजूबाजूच्या पेठांमध्ये तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. या घरांना मिरपकाय बज्जी, म्हणजे आपली मिरची भजी, कुणी शिकवायला नको. नीट बघा, मिरची भजी हा काडीवरचाच पदार्थ आहे. फक्त काडी देवाने लावून दिलीय, देठाच्या रूपात! देठ धरायचा, पिठात बुडवायचं, गोल फिरवून बाहेर काढायचं, तेलात सोडायचं. कॉर्न डॉगची कृती यापेक्षा फार वेगळी नाही. पीठ किती दाट हवं, तेल कधी तापलं, हे आईला डोळ्यांनी कळतं. यूट्यूबवाल्याला त्यासाठी थर्मामीटर लागतो.

आणि तीन म्हणजे ज्वारी. अमेरिकेने मका वापरला, कोरियाने तांदूळ-गहू. मग सोलापूरने ज्वारी का नाही? मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. आणि वरून साखर? छे! वरून शेंगाचटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. साखरेत थोडी मिसळलीत तर गोड-तिखट असं काही जमतं, की सोलच्या गाडीवाल्यानेही विचारावं, काय आहे हे?

चौकट : ज्वारीचा कोट (८ काड्या)

साहित्य : मैदा दीड वाटी, ज्वारीचं पीठ अर्धी वाटी, साखर २ चमचे, मीठ अर्धा चमचा, इन्स्टंट यीस्ट १ चमचा, कोमट पाणी पाऊण ते एक वाटी. आत घालायला मोझरेलाचा ब्लॉक आणि चिकन सॉसेज. व्हेज हवं तर नुसतं मोझरेला किंवा पनीर. वरून ब्रेडचा जाड चुरा. शिवाय बांबूच्या काड्या, तळायला तेल, शेंगाचटणी आणि थोडी साखर.

कृती : पिठं, साखर, मीठ, यीस्ट आणि पाणी एकत्र करून दाट, चिकट मिश्रण करा. भज्याच्या पिठापेक्षा दाट, कणकेपेक्षा सैल. झाकून ४५ मिनिटं ठेवा. तोवर मोझरेलाचे बोटाएवढे तुकडे काडीवर लावून फ्रीझरमध्ये टाका. चीज गार नसेल तर तेलात फुटून सगळा राडा होतो. काडी बाहेर काढली की कोरड्या कापडाने पुसा आणि कोरडा मैदा लावा, नाहीतर पीठ घसरतं. मिश्रण उंच ग्लासात भरा, काडी बुडवून गोल फिरवत बाहेर काढा, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा. मध्यम तापलेल्या तेलात तीन-चार मिनिटं, फिरवत फिरवत तळा. तेल फार कडक असेल तर बाहेरून लाल आणि आतून कच्चं राहील. जाळीवर निथळा, पेपरवर आडवं टाकू नका, खालून ओलं होतं. गरम असतानाच शेंगाचटणी-साखरेत घोळवा.

लक्षात ठेवा : ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे ती अर्ध्या वाटीपेक्षा जास्त घातलीत तर कव्हर तडकेल. प्रोसेस्ड चीजचे क्यूब वापरू नका. ते वितळतात, पण त्यांची तार येत नाही. आणि काडीचं टोक लहान मुलांना देण्याआधी मोडून टाका.

गच्चीवरचा बीच

राहिला प्रश्न माहोलचा. जुन्या घरांवरचं माळवद गेलं, त्या जागी स्लॅब आला, पण संध्याकाळची गच्ची अजून आपलीच आहे. पाणी मारून गार करा, सतरंजी टाका, एक स्पीकर, एक शेगडी. दिवाळीत किंवा गड्ड्याच्या यात्रेला सगळे घरी येतातच, तेव्हाची एक संध्याकाळ आत्ताच बुक करा. एकाच्या गोव्याच्या तिकिटात अख्खा ग्रुप पोटभर खाईल. काम वाटून घ्या. पुण्याहून येणाऱ्याने मोझरेलाचा ब्लॉक आणावा, हैदराबादवालीने सॉस, कढई इथल्यांची, आणि पिठावर शेवटचा शब्द आईचा.

वेळ मात्र कारखान्यातल्या दोस्ताला विचारून ठरवा. त्याची पाळी सुटली की मगच कढई चढवा. कॉर्न डॉग गारढोण झाला तर मजा नाही, आणि तो नसताना खाल्ला तरी नाही. ज्याचा मेसेज सहसा 'बघू की' असतो, त्याला सोयीचा असेल तोच प्लॅन खरा. बाकीच्यांच्या रजा काय, मॅनेजरशी बोलून सरकवता येतात. त्याचा दिवस सरकत नाही.

आणि हो, रील जरूर काढा. मागे समुद्र नसेल. मागे पाण्याची टाकी असेल, दोरीवर वाळत घातलेली चादर असेल, एखाद्या मागाची खटखट ऐकू येत असेल. चीजची तार तीच, तेवढीच लांब. गोव्यात असलेल्या कुणाला तरी ती फॉरवर्ड करा.

जीव जळायची पाळी आता त्यांची!